दार उघडं ठेवा

(हिमायतनगर इथं तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. डॉक्टर नाही, समुपदेशक नाही, मौलाना तर नाहीच. दहावीपर्यंत याच गावात शिकलो, मग नांदेड, मग पुणे. आज मला खरं तर ‘करिअर मार्गदर्शना’साठी बोलावलं होतं. मीच म्हटलं, विषय बदलू द्या. माझ्याबरोबर दहावीला बसलेल्या एका दोस्ताची गोष्ट मला आज सांगायची आहे. त्याला विचारून सांगतोय. त्याचं नाव आपण सलीम धरू.

सलीमचे अब्बा आजारी पडले आणि त्याची शाळा सुटली. तो एका गॅरेजवर लागला. तिथं पंक्चरचं सोल्यूशन रुमालावर घेऊन हुंगायची सवय लागली. पुढं कुणीतरी गोळ्या दिल्या. डॉक्टर झोपेसाठी किंवा घाबरटपणासाठी देतात, त्याच. मालेगावात त्यांना ‘कुत्ता गोली’ म्हणतात, संभाजीनगरकडे ‘बटन’. तोंडाला वास येत नाही, घरात संशय येत नाही. सलीम अभिमानानं सांगायचा, “मी दारूला हात लावत नाही.”

एका रात्री त्याच्या अम्मीचा मला फोन आला. “बेटा, तू शिकलेला आहेस. सांग, काय करू?” मी शिकलेला होतो, म्हणून लगेच सल्ला दिला. म्हटलं, चाची, त्याला कसम घालायला लावा, चार दिवस खोलीत बंद करा, बाहेरून कडी लावा. गोळी मिळाली नाही की आपोआप सुटेल.

तिसऱ्या दिवशी सलीमला झटके आले. जीभ चावली गेली. भोकरमार्गे नांदेडला नेईपर्यंत गाडीत त्याचं डोकं चाचींच्या मांडीवर होतं. तो वाचला. पण ती कडी माझ्या सांगण्यावरून लागली होती, हे मी विसरू शकत नाही. त्यानंतर मी या विषयावर वाचायला लागलो. आज जे सांगतोय ते त्या वाचनातून आलंय.

पहिली गोष्ट. रोज या गोळ्या घेणाऱ्याचा किंवा रोज भरपूर दारू पिणाऱ्याचा मेंदू त्या पदार्थाच्या हिशोबानं चालायला लागतो. पदार्थ एकदम बंद केला की मेंदूवरचा ब्रेक सुटतो. हात थरथरतात, झोप उडते, भास होतात, झटके येतात, कधी जीवही जातो. म्हणून डॉक्टर गोळीचा डोस टप्प्याटप्प्यानं कमी करतात. खोलीत कोंडणं हा उपचार नाही, तो धोका आहे.

आपल्या शेजारी हे अख्ख्या वस्त्यांना भोगावं लागलंय. तेलंगणात बऱ्याच ठिकाणी ताडीत, म्हणजे आपल्याकडच्या शिंदीत, अल्प्राझोलाम नावाचं झोपेचं औषध मिसळतात. २०१५ मध्ये सरकारनं भेसळीवर कडक धाडी घातल्या आणि माल एकदम बंद झाला. निजामाबाद, महबूबनगर भागातली रोज पिणारी गरीब माणसं झटके, भास, थरथर घेऊन दवाखान्यात यायला लागली. धाडी चूक नव्हत्या. पण पिणाऱ्यांचं काय होईल, याची तयारी आधी कुणी केली नव्हती. सलीमच्या घरात मी जे केलं, तेच तिथं मोठ्या प्रमाणावर झालं.

दुसरी गोष्ट. किती लोकांचा हा प्रश्न आहे? दिल्लीच्या एम्सनं केंद्र सरकारसाठी देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. देशात साधारण १६ कोटी लोक दारू पितात. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्यांसारखी औषधं घेणारे सुमारे १ कोटी १८ लाख. हुंगण्याचे पदार्थ हा असा एकच प्रकार निघाला, ज्यात मुलांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त आहे, जवळपास दुप्पट. सोल्यूशन, व्हाइटनर, थिनर. ही मुलं कुठली, ते तुम्हाला माहीत आहे. शाळा सुटलेली, गॅरेजवरची, भंगार वेचणारी.

त्याच अहवालातला एक आकडा मात्र पाठ करून जा. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे एकालाच कसलीतरी मदत मिळते. दवाखान्यात भरती होऊन उपचार १८० मागे एकाला. बाकीचे कुठं जातात? घरातच राहतात. आपण त्यांना लपवतो.

आता आपल्या मोहल्ल्याबद्दल बोलू. आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं आहे, “हमारे में दारू हराम है.” हराम आहे, यावर माझा वाद नाही. या मनाईमुळे अनेक घरं वाचली आहेत, हेही मी मानतो. पण याच वाक्याआड आपण दोन गोष्टी लपवतो. एक, जो पितो त्याला सांगताच येत नाही. आजारी म्हणून दवाखान्यात जाण्याआधी तो गुन्हेगार म्हणून घरात उभा असतो. दोन, जे दारू नाही ते सगळं चालतं. गुटखा चालतो, गोळी चालते, खोकल्याची बाटली चालते.

रमजानमध्ये आपण सगळेच बघतो. चौदा तास तोंडात काही न घेतलेला माणूस एका हातानं खजूर उचलतो आणि दुसरा हात खिशातल्या पुडीकडे जातो. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण मसाला वेगळा आणि तंबाखू वेगळी अशा दोन पुड्या घेतल्या की झालं. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातली २४.४ टक्के प्रौढ माणसं बिनधुराची तंबाखू खात होती. चार माणसांत एक. यात सगळ्या धर्मांचे आले, आपणही आलो. मी त्या माणसाला हसत नाही. चौदा तास तो थांबू शकतो, म्हणजे त्याच्यात ताकद आहे. पंधराव्या तासाला त्याच्या बाजूला कुणी नसतं, एवढंच.

तिसरी गोष्ट, आणि हीच सांगायला आलोय. उपचार चालतात. त्यासाठी दर वेळी मोठा डॉक्टर लागतो असंही नाही.

गोव्यात ‘संगाथ’ नावाची संस्था आहे. त्यांनी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणारे, घातक प्रमाणात दारू पिणारे पावणेचारशेच्या आसपास पुरुष निवडले. निम्म्यांना नेहमीची सेवा दिली. निम्म्यांना त्याशिवाय समुपदेशनाच्या जास्तीत जास्त चार बैठका दिल्या. या बैठका घेणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. तिथलीच, तिथली भाषा बोलणारी, काही आठवडे प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. तीन महिन्यांनी बघितलं, तर नुसत्या नेहमीच्या सेवेत २६ टक्के लोक घातक पिण्यातून बाहेर आले होते, बैठका मिळालेल्यांत ३६ टक्के. हे २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. शंभरात दहाच जास्त, असं वाटेल. पण ती दहा घरं डोळ्यांसमोर आणा.

पुण्याचं ‘मुक्तांगण’ तुम्ही ऐकलं असेल. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. देशपांडे यांच्या मदतीनं, ते सुरू केलं. तेव्हा पुण्या-मुंबईत गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, पोरं गिळत होती. तिथं ३५ दिवसांचा निवासी उपचार असतो. त्यातून बरी झालेली माणसंच पुढं तिथं कार्यकर्ते होतात. व्यसनी माणसांच्या बायकांचा ‘सहचरी’ नावाचा वेगळा गट आहे, कारण आजार एकाचा असला तरी भोगतं अख्खं घर. बायकांच्या व्यसनासाठीही वेगळा विभाग आहे. आपल्याकडे मात्र अजून सल्ला एकच असतो, “शादी करा दो, सुधर जाएगा.” सलीमचंही लग्न करून दिलं. सुधारला नाही. एका मुलीच्या आयुष्याचा खेळ झाला, आणि तिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

नांदेडला मानसोपचार विभागात सलीमचा उपचार झाला. तो दोनदा परत घसरला. तेव्हा मी वैतागलो होतो. मग वाचलं की व्यसनातून उपचार घेतलेल्यांपैकी साधारण ४० ते ६० टक्के लोक पुन्हा घसरतात, आणि बीपी किंवा दम्याच्या रुग्णांचा आजार उलटण्याचं प्रमाणही काही कमी नाही. अब्बांचं बीपी वाढलं तर आपण त्यांना बेइमान म्हणत नाही, डॉक्टरकडे नेतो. आमच्या कामात सर्व्हर दुसऱ्यांदा बंद पडला तर आम्ही त्याला शिव्या देत बसत नाही, नोंदी काढून बघतो, नेमकं कशामुळं पडला. सलीमच्या नोंदी काढल्या तर दोन्ही वेळा एकच सापडलं. काम सुटलं होतं आणि जुने दोस्त सोडून बोलायला कुणी नव्हतं.

म्हणून प्रतिबंधाचंही थोडं सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटलंय की मुलांना घाबरवणं, भयानक चित्रं दाखवणं, सुधारलेल्या व्यसनी माणसाचं एक भाषण ठेवणं, यांनी काही होत नाही. उपयोग होतो तो मुलं शाळेत टिकण्याचा, आईबापांना मुलांशी बोलता येण्याचा, ‘नाही’ म्हणायचं कसं याच्या वर्गातल्या सरावाचा. म्हणजे आजचं माझं हे भाषणही न चालणाऱ्या यादीतच येतं! ते चालायला हवं असेल तर इथून उठल्यावर काहीतरी करावं लागेल.

तीन कामं सांगतो. पहिलं, आपल्या गल्लीतली शाळा सुटलेली मुलं मोजा. नावानिशी. त्यांना परत शाळेत बसवणं हेच व्यसनमुक्तीचं सगळ्यात स्वस्त काम आहे. दुसरं, तुमच्यातल्या चार-पाच जणांनी, त्यात मुलीही हव्यात, समुपदेशनाचं रीतसर प्रशिक्षण घ्या. गोव्यातल्या माणसांना जमलं, तुम्हाला का जमणार नाही? तिसरं, दोन नंबर मोबाइलमध्ये टाका. व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मानसिक आरोग्यासाठी १४४१६. आणि पोलिसांची भीती घालून कुणी अडवलं तर सांगा, अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातच ६४-अ हे कलम आहे. सेवन केल्याचा किंवा अल्प प्रमाणात बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला गेला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते जाऊ शकतं, हेही सांगा.

सलीम सध्या कामावर जातो. बरा झाला असं तो म्हणत नाही, मीही म्हणत नाही. “आज नाही घेतली,” एवढंच म्हणतो. रात्री कधी अस्वस्थ वाटलं तर फोन करतो. मी पुण्यात असतो, तो इथं. मी दर वेळी काही शहाणपणाचं बोलत नाही. पण फोन उचलतो.

चाचींनी त्या खोलीची बाहेरची कडी काढून टाकली आहे. तुमच्या घरी, तुमच्या शेजारी अशी एखादी खोली असेल तर आज जाऊन तिचं दार उघडा. आत जो बसलाय त्याला फक्त विचारा, “जेवलास का?” पुढचं बोलणं तिथून सुरू होतं.