भिंतीतून वर आलेली माणसे
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण, थोडे संक्षिप्त करून)



इंदूरच्या गणेशोत्सवात आइसलँडच्या शिल्पकारावर भाषण कशाला, असे आम्हाला दोघातिघांनी विचारले. उत्तर शेवटी देऊ.

शिल्पकाराचे नाव सिगुरयोन ओलाफसन. १९०८ साली आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्यावरील एयरारबक्की या गावी त्यांचा जन्म झाला. दगडी मूर्तिकलेची जुनी परंपरा त्या देशात नव्हती. झाडेही तुरळक. शिल्पकला शिकायची तर परदेशी जाणे भाग होते. १९२८ मध्ये सिगुरयोन कोपनहेगनच्या कला अकादमीत दाखल झाले.

तिथे राहून १९३४-३५ मध्ये त्यांनी एक मोठे उठावशिल्प केले. विषय कोणता? राजा नाही, देवता नाही. खारवलेल्या मासळीची चळत रचणारी कामकरी माणसे! त्या काळी आइसलँडचे पोट याच मासळीवर चालत असे. परक्या शहरात शिकणाऱ्या मुलाला घरचे हात आठवले. पुढे १९३८ मध्ये त्यांनी आपल्या आईचा अर्धपुतळा घडवला आणि त्यासाठी त्यांना डेन्मार्कचे मानाचे एकर्सबर्ग पदक मिळाले.

उठावशिल्प आपल्याला नवे नाही. नाण्यावरचा मुखवटा घ्या किंवा देवळाच्या भिंतीवरची पट्टी. पाठ भिंतीत रुतलेली आणि पुढचा भाग वर आलेला. अर्धे काम शिल्पकार करतो, उरलेले अर्धे सावली करते. आइसलँडचा हिवाळी सूर्य क्षितिज सोडून फारसा वर चढत नाही. असे तिरपे ऊन उठावाला फार मानवते.

महायुद्ध संपताच, १९४५ मध्ये, सिगुरयोन मायदेशी परतले. रेक्याविकच्या लौगारनेस या किनाऱ्यावर सैन्याने सोडून दिलेल्या बराकीत त्यांनी बिऱ्हाड आणि कामाची जागा थाटली. दगड, लाकूड, धातू, काँक्रीट, त्यांना काहीच वर्ज्य नव्हते. हेक्ला ज्वालामुखीच्या परिसरात थ्योरसा नदीवर बूरफेल वीजकेंद्र उभे राहत होते. १९६६ ते १९६९ या काळात त्यांनी त्याच्या भिंतीवर काँक्रीटची भव्य उठावशिल्पे केली. आता माणसे नव्हती, नुसते आकार होते. काँक्रीट साच्यात ओतायचे, म्हणजे सगळा विचार उलटा: जे पुढे यायला हवे ते साच्यात खोल. आपले मूर्तिकार गणपतीच्या साच्यात हेच करतात.

१९८२ मध्ये ते गेले. मागे घर, कार्यशाळा आणि कामांचा मोठा पसारा राहिला. त्यांच्या पत्नी बिर्गिट्टा स्पूर मूळच्या डेन्मार्कच्या. त्यांनी १९८४ मध्ये त्याच जागी संग्रहालय स्थापले आणि १९८८ मध्ये ते लोकांसाठी उघडले. २०१२ मध्ये ते आइसलँडच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाकडे सोपवले. बाहेरून आलेल्या बाईंनी त्या देशाचा ठेवा सांभाळला.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. आपल्या जुन्या सभागृहात, रंगमंचाच्या डाव्या भिंतीवर, प्लास्टरमध्ये गणपतीच्या मिरवणुकीचे उठावशिल्प होते. लेझीम खेळणारी मुले, पालखीचे भोई, कडेवर मूल घेतलेली बाई. मंडळाच्याच एका सभासदाने ते रात्री जागून केले होते. दार रुंद करताना ती भिंत पाडली. ठराव एकमताने झाला आणि त्यावर आम्हीही हात वर केला होता. फोटो काढून ठेवावा, एवढेही आम्हाला सुचले नाही. त्या सभासदाचे नाव आज आमच्यातले दोघे दोन वेगळे सांगतात.

म्हणून हे भाषण. कुणाच्या आजीच्या अल्बमात, एखाद्या मुंजीच्या किंवा नाटकाच्या फोटोत मागे ती भिंत आली असेल. कृपया शोधा. सापडला तर मंडळाच्या कचेरीत आणून द्या. भिंत परत येणार नाही, पण निदान नाव तरी नक्की करू.

गणपती बाप्पा मोरया!