मेंढ्याच्या कवटीवरील शिंगाची खोळ कशी काढावी?

(कफ परेड मच्छीमार नगर, मुंबई येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समुद्रकाठच्या वस्तीत मेंढ्याच्या शिंगावर बोलणे थोडे विचित्र वाटेल. परंतु मासळी खारविणे, वाळविणे आणि कुजू न देणे हे ज्यांच्या रोजच्या हातचे काम आहे, त्यांना हा विषय चटकन समजतो. कारण येथे आपल्याला नेमके उलटे करावयाचे आहे. हवे तेथे आणि हवे तेवढेच कुजू द्यावयाचे आहे. हे भाषण पुढे मासिकात छापले जाणार असल्यामुळे घाटावरच्या मेंढपाळ बंधूंनाही डोळ्यांसमोर ठेवून बोलतो.

आपल्या दख्खनी मेंढ्यांत नराला बहुधा शिंगे असतात, माद्या बहुतेक भुंड्या असतात. कळपात काही वर्षे चांगली पैदास दिलेला मेंढा गेला, की त्याची कवटी शिंगांसह फळीवर लावून ठेवावी असे मालकाला वाटते. पण नुसती उन्हात वाळवलेली कवटी पावसाळ्यात वास मारू लागते आणि शिंगाच्या बुडाशी अळ्या दिसतात. कवटी स्वच्छ असते, घाण असते ती शिंगाच्या आत.

मेंढ्याचे शिंग म्हणजे दोन वस्तू आहेत. आत कवटीतूनच वाढलेला हाडाचा गाभा आणि त्यावर केराटिनची पोकळ खोळ. आपली नखे आणि मेंढीची लोकर याच द्रव्याची. या दोहोंमध्ये रक्तवाहिन्या असलेला पातळ मांसल पडदा असतो. खोळीला धरून ठेवतो तो हाच पडदा, आणि सडतो तोही हाच. सांबराचे शिंग मात्र निव्वळ हाड असते व दरवर्षी गळून पडते, त्याला खोळ नसते.

आता कामापूर्वीची सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जनावर कशाने मेले हे माहीत नसेल, तर त्याच्या डोक्याला हात लावू नये. मेंढा अचानक मेला, पोट झपाट्याने फुगले, नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून काळसर, न गोठणारे रक्त आले, तर काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्सचा संशय धरावा. असे जनावर फाडू नये, सोलू नये, मुंडके तोडू नये. रक्ताला हवा लागली की त्यातील जंतू बीजरूप धारण करतात आणि मातीत कित्येक दशके जिवंत राहतात. हा रोग माणसालाही होतो. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास कळवून प्रेत न फाडता, चुना टाकून खोल पुरावे. कितीही लाडका मेंढा असला तरी अशा वेळी त्याची शिंगे त्याच्याबरोबरच जाऊ द्यावीत. पिसाळलेला कुत्रा चावलेल्या जनावराच्या डोक्याचेही तसेच. मेंदूशी खेळ नको.

निरोगी, खाण्यासाठी कापलेल्या मेंढ्याचे डोके असेल तर पुढे जावे. खाटीक मुंडी जाळावर भाजतो आणि एका टोल्यात शिंग उडवितो, हे आपण पाहिले असेल. खाण्यासाठी ते ठीक आहे, पण खोळ करपते आणि तिची चकाकी जाते. म्हणून न भाजलेली मुंडी मागून घ्यावी. कातडी, मांस, डोळे, जीभ व मेंदू काढून टाकावेत. हातमोजे घालावेत. मीठ मुळीच लावू नये. मिठाने पडदा टिकतो व सुकून हाडाला चिकटून बसतो, म्हणजे आपलेच काम अडते.

नंतर झाकणाच्या प्लास्टिक पिंपात गोडे पाणी भरून कवटी शिंगांच्या बुडासह पूर्ण बुडवावी. किनारा दोन पावलांवर असला तरी समुद्राचे पाणी घेऊ नये. हाडाच्या बारीक छिद्रांत मीठ शिरले तर दमट हवेत ते पुन्हा ओल धरते. मुंबईच्या उकाड्यात साधारण एक ते दोन आठवड्यांत पडदा सुटतो, घाटावर थंडीत अधिक दिवस लागतात. पाणी बदलताना अर्धेच बदलावे, कारण कुजविणारे जीवाणू त्यातच असतात. वास येणारच. दाटीच्या वस्तीत हे काम करूच नये, गावी परसात करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून रोज खोळ हलवून पाहावी. सैल झाली की एका हाताने कवटी धरून, शिंगाच्या वळणाच्या दिशेने पिळत काढावी. सरळ ओढल्यास गाभ्याचे टोक आत मोडते. अडत असेल तर लाकडी ठोकळ्याने बुडाशी हलके ठोकावे, लोखंडी हातोडी नको. म्हाताऱ्या मेंढ्याची खोळ घट्ट असते, तेथे घाई करू नये. निघालेल्या खोळीवर आतून डावी-उजवी अशी खूण करावी.

पुष्कळजण वेळ वाचविण्यासाठी कवटी उकळतात. शिंग उष्णतेने मऊ पडते. कंगवे करणारे कारागीर शिंग तापवूनच सपाट करीत. तेव्हा उकळल्यावर पीळ बिघडला तर नवल नाही. घाई असेलच तर उकळी न फुटलेल्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवून पाहावे, त्याहून अधिक नाही.

खोळ सावलीत, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून वाळवावी. उन्हात ती तडकते. गाभा खरवडून स्वच्छ करावा. कवटीतील चरबी धुण्याच्या पावडरच्या कोमट पाण्यात काही दिवस ठेवल्याने निघते. पांढरेपणासाठी औषधाच्या दुकानातील हायड्रोजन पेरॉक्साइड वापरावे, डोळे सांभाळावेत. ब्लीचिंग पावडर हाड खाते, ती टाळावी. खोळीला यातील काहीही लावू नये. तिला जवसाच्या तेलाचा बोटभर हात पुरे.

खोळ पुन्हा बसविताना ती कायमची चिकटवू नये या मताचा मी आहे. आत टाकणखार भुरभुरावा, कापसाची पाचर द्यावी, म्हणजे दर पावसाळ्यानंतर काढून पाहता येते. घोंगडीला लागणारी कसर शिंगालाही लागते. सुक्या बोंबलाला लागणारा काळपट भुंगेरा आपण ओळखता. त्याच्याच जातीच्या अळ्या जगातील मोठी संग्रहालये कवट्यांवरील मांस साफ करण्यासाठी मुद्दाम पाळतात. आपल्याकडे तो नुकसान करतो, तेथे नोकरी करतो.

याची शास्त्रीय माहिती हवी असल्यास परळला 1886 साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळच आहे. एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्यावी. मी सांगितले ते पाळीव मेंढ्यापुरते. हरिण, चिंकारा, चौसिंगा यांची शिंगे घरात ठेवणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरते, सांबराचे रानात गळालेले शिंगदेखील. आणि आपल्यासाठी म्हणून सांगतो, करवत माशाची दातेरी सोंड 2001 पासून याच कायद्याखाली आहे. तो मासा जाळ्यात आला तर सोडून द्यावा, सोंड भिंतीवर लावू नये.

शेवटी शेतीचे. मोडकी, तडकलेली खोळ फेकू नये. शिंग व खुरांच्या चुऱ्यात सुमारे 13 टक्के नत्र असते. मासळीच्या खतात ते 4 ते 10 टक्के असते. शिंगाचे नत्र फार सावकाश सुटते, म्हणून ते फळझाडाला उपयोगी, मेथी-कोथिंबिरीला नाही. कानशीने घासून चुरा करावा, झाडाच्या आळ्यात खोडापासून हातभर दूर पुरावा आणि वर चार बोटे माती ओढावी, नाहीतर रात्रीतून कुत्री उकरतात. पिंपातले पाणीही गटारात ओतू नये, कंपोस्टच्या खड्ड्यात ओतून वर पालापाचोळा टाकावा.