नाक्याजवळची जमीन

व्यापाराचा नाका जेथें बसतो, तेथील जमिनीस पाहतां पाहतां भाव येतो. काल ज्या बाजरीच्या पट्टीकडे कोणी ढुंकूनहि पाहत नव्हतें, तिच्या बांधावर आज मोटारी उभ्या राहतात. हा भाव मातींतून उगवलेला नसतो; रस्ता, रूळ आणि जकातीची कचेरी यांनीं तो आणलेला असतो. मग या वाढलेल्या मोलावर हक्क कोणाचा? छत्रपती संभाजीनगरच्या परिसरांत हा प्रश्न आज घरोघरीं येऊन ठेपला आहे.

या प्रदेशास वाहतुकीचा नाका नवा नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांत भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण असल्याची, आणि तेथील माल गाड्यांवर लादून बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. दुसरी वाट जुन्नरवरून नाणेघाटानें कोंकणांत उतरे. त्या घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीसाठीं होता, अशी परंपरेची समजूत आहे. १६१० सालीं मलिक अंबरानें खडकी वसविली. तेंच पुढें औरंगाबाद झालें. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग या शहरावरून सुरू झाला. त्या काळीं मनमाड इंग्रजी अमलांत, तर औरंगाबाद निजामाच्या राज्यांत होतें. सरहद्द ओलांडणाऱ्या मालावर 'करोडगिरी' भरावी लागे. १९४८ सालीं संस्थान भारतांत विलीन झालें आणि कालांतरानें ती सरहद्द पुसली गेली.

परंतु सरहद्द केवळ नकाशावरील रेघ नसते. परदेशीं जाणाऱ्या मालाची तपासणी जेथें होते, तेथेंहि एक सरहद्दच असते. ही सरहद्द आतां समुद्रकांठ सोडून आंत येऊं लागली आहे. दौलताबादजवळ माळीवाडा येथें कंटेनरचें आगार उभारण्यांत आलें. जालन्याजवळ दरेगांव येथें ड्रायपोर्टचें, म्हणजे समुद्राविना असलेल्या बंदराचें, काम न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरानें हातीं घेतलें. मुंबई-नागपूर समृद्धि महामार्ग ७०१ किलोमीटरांचा. त्याचा नागपूर-शिर्डी भाग डिसेंबर २०२२ मध्यें व शेवटचा भाग जून २०२५ मध्यें खुला झाला. शेंद्रा व बिडकीन येथें मिळून सुमारें १०,००० एकरांवर 'ऑरिक' ही उद्योगनगरी वसत आहे.

या नगरीसाठीं जमीन देणाऱ्या शेतकऱ्यांस एकरीं २३ लाख रुपये मोबदला ठरला. आंकडा मोठा दिसतो. पण हिशेब घरांत जाऊन करावा. दोन एकरांचे ४६ लाख झाले. तिघां भावांत वांटले, तर एकेकाच्या पदरीं १५ लाखांहून थोडे अधिक येतात. त्यांतून घर बांधलें, एक लग्न उरकलें, गाडी घेतली, कीं उरतें किती? शेत दरसाल पिकत होतें. रक्कम एकदांच मिळते. त्या शेतावर निंदणी-कापणीस जाणाऱ्या मजुराच्या नांवें तर सातबाराच नसतो, म्हणून त्याच्या वांट्यास तेंहि येत नाहीं. इकडे रस्ता पुरा होतो, कारखाने येतात, आणि शेजारच्या भूखंडाचा भाव वाढतच राहतो. ही वाढ सार्वजनिक पैशानें घडलेली असूनहि, ज्यानें शेत सोडलें तोच तिला मुकतो.

न्हावाशेवाच्या भोंवतालीं हेंच पूर्वीं घडलें. नव्या मुंबईसाठीं उरण-पनवेलकडील जमिनी संपादन झाल्या. मोबदला अपुरा म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकरी उठले; जानेवारी १९८४ मध्यें गोळीबार होऊन पांच जणांनीं प्राण गमावले. त्या लढ्यांतूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकास परत देण्याची योजना आली. गेलेल्या जमिनीच्या वाढत्या मोलांत मालकाचा वांटा उरतो, हें तत्त्व असें रक्त सांडून मान्य झालें. पुण्याजवळ मगरपट्ट्यांत तर सुमारें १२० शेतकरी कुटुंबांनीं आपल्या जमिनी एकत्र करून स्वतःच नगर उभारलें व त्यांत भाग घेतले. तेथें शेतकरी विक्रेता न राहतां भागीदार झाला.

मराठवाड्यांत रस्ते व्हावेत, बंदर यावें, कारखाने चालावेत, याविषयीं दुमत नसावें. तरुणांस कामासाठीं पुण्या-मुंबईची वाट धरावी लागूं नये, हें सर्वांसच हवें आहे. मात्र पुढच्या प्रत्येक संपादनांत तीन गोष्टी कागदावर याव्यात: मूळ मालकास विकसित भूखंड अथवा भाग, त्याच्या मुलामुलींस त्याच नगरींत उपयोगी पडेल असें शिक्षण, आणि भूमिहीन मजुराची वेगळी तरतूद. शहरांतील सुशिक्षित कुटुंबेंहि या परिसरांत भूखंड घेतात. खरेदीखतावर सही करतांना, या मातींत काल कोण पेरीत होता आणि तो आज कोठें आहे, एवढी चौकशी त्यांनीं अवश्य करावी.