संगीतकार राजकारणात उतरतो तेव्हा

(कोल्हापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



कलावंताने राजकारणात यावे की येऊ नये, हा वाद आपल्याकडे दर निवडणुकीत नव्याने रंगतो. पूर्वी तो नटांविषयी व शाहिरांविषयी होई. पुढे तो चित्रपटांच्या संगीतकारांपर्यंत आला. आज व्हिडिओ गेमसाठी स्वररचना करणारा एखादा तरुण राजकारणात उतरला, तर त्याच्याविषयीही हेच बोलले जाईल. वास्तविक राजकारण हे नागरिकाचे कर्तव्य मानले, तर संगीतकाराला त्यातून वगळण्याचे कारण नाही. खरा प्रश्न निराळा आहे. तो येताना बरोबर काय आणतो, आणि जे आणतो ते कोणाच्या मालकीचे असते?

कोल्हापुरात या प्रश्नासाठी उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. सुधीर फडके यांचा जन्म २५ जुलै १९१९ रोजी याच शहरात झाला. राम विनायक फडके हे त्यांचे मूळ नाव. वामनराव पाध्ये यांच्यापाशी त्यांनी येथेच गाण्याचे धडे घेतले. १९४१ साली ते एच.एम.व्ही. कंपनीत लागले, पुढे ‘प्रभात’मध्ये गेले आणि मराठी चित्रपटसंगीतात त्यांनी आपले स्थान निर्माण केले. हा सारा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्या मानाने त्यांच्या सार्वजनिक जीवनाची चिकित्सा आपण क्वचितच करतो. ते राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे, आणि आपण समाजवादी. म्हणून तो विषय परक्याचा समजून बाजूला ठेवला जातो. ही सवय बरी नव्हे.

१९५४ साली दादरा व नगरहवेली हा प्रदेश पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. जुलैच्या उत्तरार्धात दादरा मुक्त झाले, पाठोपाठ नरोली. २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. राजा वाकणकर यांच्या नेतृत्वाखाली सिल्वासावर चालून गेलेल्या तुकडीत सुधीर फडके होते. ललिताबाई फडके यांनीही या कार्यात भाग घेतला. या मोहिमेच्या निधीसाठी लता मंगेशकर यांच्या गाण्याचा कार्यक्रम पुण्यात झाला, त्याच्या उभारणीतही फडके होते. मात्र हे यश एकाच पक्षाचे नव्हते. आझाद गोमंतक दल, युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स, वारल्यांमध्ये काम करणारे कम्युनिस्ट अशा अनेकांचे हात त्याला लागले. समाजवाद्यांचा मार्ग सत्याग्रहाचा होता. १८ जून १९४६ रोजी डॉ. लोहियांनी मडगावात नागरी स्वातंत्र्याचा लढा उभा केला, आणि मे १९५५ मध्ये नानासाहेब गोरे सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्यात शिरले. साधनांविषयीचा आपला मतभेद तेव्हा होता आणि आजही आहे. तरी तो बाजूला ठेवून एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून माडगूळकरांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले. त्याची ५६ गीते ज्याने स्वरबद्ध केली, तो संगीतकार जेमतेम आठ महिन्यांपूर्वी सिल्वासाच्या मोहिमेत होता.

येथे अर्थशास्त्राच्या भाषेत थोडे बोलणे अवश्य आहे. कलावंताची कीर्ती हे भांडवल असते. ते त्याच्या श्रमाने निर्माण होते हे खरे. परंतु तिकीट काढणाऱ्या आणि तबकडी विकत घेणाऱ्या असंख्य श्रोत्यांनी त्यात भर घातलेली असते. त्या श्रोत्यांत सर्व पक्षांचे, सर्व जातिधर्मांचे लोक असतात. त्यांनी पैसे मोजले ते गाण्यासाठी. कौल दिला तो चालीला. ही ठेव कलावंत एका पक्षाच्या खात्यावर वळवतो, तेव्हा ठेवीदारांना विचारले गेलेले नसते. शिवाय सुरात एक धोका आहे. व्याख्यानाशी श्रोता मनातल्या मनात भांडू शकतो; चालीशी भांडता येत नाही, तो तिच्याबरोबर डोलू लागतो. लोकशाहीत संमतीला विचाराची जोड हवी. सुराने मिळवलेल्या संमतीला ती असतेच असे नाही.

मग या भांडवलाचा रास्त विनियोग कोणता? फडके यांच्याच चरित्रात त्याची दोन चांगली उत्तरे सापडतात. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला, तरी मोहन रानडे पोर्तुगालच्या तुरुंगातच होते. त्यांच्या सुटकेसाठी फडके वर्षानुवर्षे झटले. १९६८ साली अण्णादुराई यांनी पोपपाशी रदबदली केली, आणि जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. दुसरे उत्तर ग्राहक चळवळीचे. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. तिच्या उभारणीत बिंदुमाधव जोशी यांच्याबरोबर फडके यांचा वाटा होता. शेजारच्या कुटुंबांनी एकत्र येऊन महिन्याच्या सामानाची मागणी नोंदवायची, माल ठोक भावाने आणायचा आणि आपसांत वाटून घ्यायचा, असे हे काम. त्यात वजन आहे, यादी आहे, हिशेब आहे, टाळ्या नाहीत. सहकारावर विश्वास ठेवणाऱ्या कोणाही समाजवाद्याला हे काम आपले वाटावे.

याउलट, लोकवर्गणीतून त्यांनी निर्माण केलेला सावरकरांवरील चित्रपट २००१ साली प्रदर्शित झाला. तेथे कीर्ती एका विचारसरणीच्या प्रचाराला जोडली गेली. त्यांचा तो अधिकार निर्विवाद होता. आणि त्या विचारसरणीचा प्रतिवाद करण्याचा आपला अधिकारही तितकाच निर्विवाद आहे. गाणे आवडते म्हणून विचार पत्करावा लागत नाही, आणि विचार पटत नाही म्हणून गाणे टाकावे लागत नाही.

सत्तेच्या पदाविषयीही विवेक हवा. माडगूळकर १९६२ पासून १९७४ पर्यंत विधान परिषदेचे सदस्य होते. साहित्य व कला यांच्या जाणकारांना तेथे नेमण्याची सोय घटनेनेच केलेली आहे, तेव्हा पद घेणे हे पाप नव्हे. उलट, पद न घेता प्रभाव गाजवणाऱ्याला मतदार घरी बसवू शकत नाही, हाही दोष ध्यानात ठेवला पाहिजे. या दोहोंमधली वाट पु. ल. देशपांडे यांनी दाखवली. तेही संगीतकार होते; ‘गुळाचा गणपती’चे संगीत त्यांचेच. आणीबाणीविरुद्ध १९७७ च्या निवडणुकीत त्यांनी सभा गाजवल्या आणि निकालानंतर ते आपल्या लेखनाकडे परतले. कार्याला मर्यादा होती, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन राहिले.

यातून कार्यकर्त्यांनी घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. सेवादलाच्या कलापथकात वसंत बापट, लीलाधर हेगडे, निळू फुले ही माणसे होती. ती इतर सैनिकांप्रमाणे शिबिरात राहत, प्रवासाची दगदग सोसत आणि प्रश्न समजून घेऊन मग गात. आज कलावंताला सभेच्या आरंभी गर्दी जमवण्यासाठी बोलावले जाते, आणि पुढाऱ्याचे भाषण सुरू होताच त्याची गाडी निघते. यात कलावंताचा सन्मान नाही, पक्षाचेही हित नाही. पुढच्या वेळी कोणी संगीतकार दाराशी आला, तर त्याला व्यासपीठ देण्याआधी एखाद्या वस्तीतल्या शिधापत्रिकांच्या तक्रारींची यादी त्याच्या हाती द्यावी. महिन्याने तो ती पुरी करून परत आला, तर उमेदवारीची चर्चा अवश्य करावी.