वारा आपल्या शिवारातला

साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल, छडवेलच्या माळांवर गेलात की पवनचक्क्यांची रांगच्या रांग दिसते. पाचशे मेगावॅटच्या वर क्षमतेचा हा प्रकल्प. देशातल्या मोठ्या पवनऊर्जा प्रकल्पांत धुळे जिल्ह्याचं नाव घेतलं जातं, याचा मला अभिमान आहे. पण ती वीज उच्च दाबाच्या तारांत शिरते आणि राज्यभर वाटली जाते. खाली शिवारात पंपाची पाळी रात्रीची असली, की शेतकरी हातात बॅटरी घेऊन, विंचूकाट्याची भीती मनात ठेवून बांधावर जातो. आपल्या माळावरचा थोडा वारा आपल्याच गोठ्यात, आपल्याच मळ्यात कामाला का येऊ नये, हे मला आज बोलायचं आहे.

वारा वापरणं आपल्याला नवीन नाही. आसोद्याच्या बहिणाबाईंनी उपणणीवर कविता केली, तिच्यात वाऱ्याला हाक आहे. उपणताना माणूस उंच तिवईवर का चढतो? वर वारा मोकळा मिळतो म्हणून. पवनचक्कीचं पहिलं शास्त्र तेच. घराच्या पत्र्यावर, झाडांच्या आडोशाला बसवलेली चक्की वाऱ्याऐवजी भोवरेच खात बसते. आजूबाजूच्या झाडाघरांपेक्षा चांगली उंच, मोकळ्या जागी उभी केली तरच तिचा उपयोग.

दुसरी गोष्ट जरा हिशेबाची. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्यातली ताकद दुप्पट होत नाही, आठपट होते. तीन मीटर व्यासाचं चक्र घ्या. सेकंदाला ५ मीटर वाऱ्यात त्यातून साधारण १३० वॅट मिळतील. ८ मीटरला ५०० च्या वर. यावर ५ अश्वशक्तीचा पंप चालणार नाही, हे आधीच सांगतो. कुणी तसं सांगून चक्की विकत असेल तर घेऊ नका. पण मळ्यातल्या घरातले दिवे, पंखा, मोबाइल, रानडुकरांसाठीचं झटक्याचं कुंपण एवढं भागतं. रात्री दोन वाजता गाय व्यायला लागली आणि गोठ्यात दिवा असला, तर त्याची किंमत वॅटमध्ये मोजता येत नाही.

आणि सोबत सौर पॅनेल हवंच. आपल्याकडे उन्हाळाभर ऊन मुबलक. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं, पॅनेल सुस्त. नेमका तेव्हाच नैर्ऋत्येचा वारा जोरात असतो. एक थकतं तेव्हा दुसरं उभं राहतं. अशा जोडसंचांना राज्याच्या महाऊर्जा संस्थेनं पूर्वी अनुदानही दिलं आहे. हिवाळ्यातल्या शांत रात्री मात्र बॅटरीच्याच भरवशावर काढाव्या लागतात.

पण चक्की बसवली तरी ती चालू ठेवायला जाणता माणूस हवा. डेन्मार्कमध्ये १८९१ साली पॉल ला कूर नावाच्या शिक्षकानं आस्को गावच्या लोकशाळेत पवनचक्कीवर वीज तयार केली. मला त्याच्या यंत्रापेक्षा त्याचं पुढचं काम मोठं वाटतं. त्यानं खेड्यातल्या तरुणांना वीजतंत्री म्हणून शिकवलं. ती पोरं गावोगाव गेली, लहान वीजकेंद्रं उभी करू लागली, बिघडली तर दुरुस्त करू लागली. आपल्याकडे लहान चक्की बंद पडते ती बहुधा बेअरिंग, पातं किंवा बॅटरी गेल्यावर, आणि मग दुरुस्तीला माणूस मिळत नाही म्हणून ती तशीच गंजते. आपल्या जळगाव-धुळ्याच्या आयटीआयमधली मुलं मोटार भरतात, वेल्डिंग करतात. पात्याचा तोल साधणं त्यांना अवघड नाही.

तुमच्या मनात चक्की बसवायची असेल, तर आधी पैसे काढू नका. ज्या जागी ती उभी करायची तिथे उंच खांबावर वेगमापक लावा आणि वर्षभर रोज आकडा वहीत लिहा. शेजारचा माळ आणि तुमचा मळा यांचा वारा सारखा नसतो. येत्या पावसाळ्याच्या आधी खांब उभा राहिला, तर वाऱ्याचे ते चार महिने तुमच्या वहीत येतील.