वर्गाला हवा किती लागते?



रावेर, यावल, सावदा या भागांत केळी पिकविण्याच्या बंद खोल्या आपण पाहिल्या असतील. झाडावरून उतरविलेली केळीही श्वसन करीतच असतात. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड खोलीत साचला की पिकण्याची क्रिया मंदावते. म्हणून जाणता व्यापारी ठराविक वेळाने दार उघडून हवा बदलतो. चाळीस मुलांच्या वर्गाविषयी एवढी दक्षता आपण बाळगतो काय?

मी ती बाळगली नव्हती. पौषातील थंडीत खिडक्या लावून घेतलेल्या वर्गात मुले जांभया देऊ लागली, म्हणजे त्यांना आळशी ठरवून मी उभे करीत असे. एकदा कामानिमित्त बाहेर जाऊन परतलो, तो दारातच कोंदट वासाने थबकलो. आत बसलेल्याच्या नाकाला हा वास कळत नाही. उभी केलेली मुले निरपराध होती.

म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ मॅक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ साली एक निकष सांगितला: खोलीतील हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण हजारात एक भागाहून अधिक नसावे. एवढ्या प्रमाणात हा वायू विषारी असतो असे नव्हे. आपण इतरांनी सोडलेली हवा किती घेत आहोत, याचे ते माप आहे. आणि त्याच हवेबरोबर गोवराचे व क्षयाचे जंतूही फिरतात.

आता हिशेब मांडू. दहा वर्षांचे मूल बसल्या जागी ताशी सुमारे १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडते. चाळीस मुलांचे ४८० लिटर, शिक्षकाचे १८. म्हणजे जवळजवळ ५०० लिटर. बाहेरच्या हवेत आज दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग हा वायू असतो. मर्यादा १,००० ची. तेव्हा वाव उरला ५८० चा. (पेटेनकोफरांच्या काळी बाहेरचे प्रमाण ३०० च्याही आत होते, आपला वाव तेवढा आक्रसला आहे.) ५०० लिटरला दहा लाखांतील ५८० या प्रमाणाने भागले की ताशी सुमारे ८६० घनमीटर ताजी हवा हवी, असे उत्तर येते. वर्ग ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद व ३ मीटर उंच असेल, तर त्याचे घनफळ ९० घनमीटर. अर्थात त्यातील सर्व हवा तासातून साडेनऊ वेळा बदलली पाहिजे. उलट, सर्व फटी बुजविलेल्या वर्गात ही मर्यादा अवघ्या सहा मिनिटांत ओलांडली जाईल. केवळ मधल्या सुट्टीत खिडक्या उघडून भागत नाही, ते यामुळेच.

८६० घनमीटर ऐकून घाबरण्याचे कारण नाही. सेकंदाला पाव मीटर, म्हणजे जेमतेम जाणवेल इतक्या वेगाने हवा आत येत असेल, तर एक चौरस मीटर उघडी जागा पुरते. मात्र समोरच्या भिंतीत तेवढीच वाट बाहेर पडण्यासाठी हवी. एकाच बाजूच्या दोन खिडक्यांनी ते काम नीट होत नाही. उदबत्ती पेटवून खिडकीशी धरावी. धूर आत वळून पलीकडून निघून गेला तर ठीक. जागीच घोटाळला तर समोरचे दार उघडावे. छताचा पंखा आतलीच हवा फिरवितो, बाहेरची आणीत नाही, हेही ध्यानात असावे.

आपल्या खानदेशात खरी अडचण वैशाखातील झळांची आहे. शाळा सकाळची असली तरी शेवटच्या तासाला ऊन तापते. अशा वेळी वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्या ओढून घ्याव्यात, पण ओसरीचे दार आणि भिंतींतील उंचावरचे झरोके उघडेच ठेवावेत. पुष्कळ शाळांत हे झरोके कबुतरांच्या त्रासामुळे पुठ्ठ्याने बुजविलेले आढळतात. पुठ्ठा काढून तेथे जाळी ठोकावी. वर्गाची व खिडक्यांची मापे मात्र मुलांकडूनच घ्यावीत. घनफळाचा पाठ त्यात आपोआप होऊन जातो.