अमेरिकेचा कापूस आणि सुप्याचे कर्जरोखे

1793 मध्ये एली व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र बनवले. अमेरिकेच्या दक्षिणेत कापूस झपाट्याने पसरला आणि त्याबरोबर गुलामगिरीही. 1861 मध्ये यादवी युद्ध पेटले, दक्षिणेची बंदरे रोखली गेली, तेव्हा इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापडगिरण्या मुंबईच्या कापसाकडे वळल्या. दख्खनमध्ये भाव चढले, सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. 1865 मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले. कर्जे तेवढी उरली. वर सरकारने साराही वाढवला. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर चाल केली. व्हिटनीचे नाव त्यांच्या कानीही गेले नसेल. रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. हाती लागले ते कागद जाळले गेले. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला.